नाव घेऊन हाक

तर त्या चौथ्या खिळ्यापाशी आपण काल थांबलो होतो. आतून जेवायची हाक आली, मी "आलो, आलो" म्हणालो, आणि तरी ओसरीवर बोलतच बसलो. भाकरी गार झाली, आमची कारभारीण चतुराबाई तापली, आणि खिळ्याचं सांगायचं राहूनच गेलं. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून सुरू करतो.

आमच्या लातूरकडच्या मुरुडच्या घरात मधल्या खोलीच्या भिंतीवर तीन फ्रेमा आहेत. त्यांत देव नाहीत, वाडवडीलही नाहीत. तिन्हींत आमच्या सुनेची, वर्षाराणीची, सर्टिफिकिटं आहेत. पहिलं शिवणकामाचं. ते शिकवणारे गाडी घेऊन आले, ग्रामपंचायतीच्या हॉलात मशिनी मांडल्या आणि गावातल्या झाडून साऱ्या लेकीसुनांना शिवण शिकवून गेले. त्याचं झालं काय, की गावात ब्लाउज शिवून घेणारी बाईच उरली नाही. सगळ्याच शिवणाऱ्या! दुसरं कॉम्प्युटरचं. ते ती शिकली तेव्हा जिथं काम मिळेल असे कॉम्प्युटर गावात दोनच, एक पंचायतीत आणि एक पतसंस्थेत, आणि दोन्हींपुढं माणसं आधीच बसलेली. तिसरं ब्युटी पार्लरचं. त्याच्या जोरावर तिनं शेजारच्या नीलम्माच्या भुवया कोरल्या. एक वर गेली, एक खाली राहिली. पुढं कितीतरी दिवस नीलम्मा सारखं कशाचं तरी नवल वाटल्यासारखी दिसायची. तिला कोणी "जेवलात का?" विचारलं तरी वाटायचं, ही आता "काय सांगता!" म्हणणार.

पोरगी हुशार, त्यात शंकाच नाही. माहेर नांदेड जिल्ह्यातलं बिलोली. दहावी पास होऊन आमच्याकडं आली. माझा मुलगा आदिनाथ शेती बघतो. शेत आहे, पण घरातल्या तोंडांच्या मानानं ते दरवर्षी आखूडच होत चाललंय. वर्षाराणीचं म्हणणं एकच, "मला कोणी काम द्या, मी करते." आणि तिला काम सोडून सगळं मिळत होतं. टाळ्या मिळाल्या, गुच्छ मिळाले, फ्रेमा मिळाल्या.

म्हणून चौथ्या कोर्साची बातमी आली तेव्हा चतुराबाईनं हातोडीच लपवून ठेवली. म्हणाली, "आता भिंतीला खिळा मारू देणार न्हाई. पोपडे निघून राहिलेत."

वर्षाराणीही म्हणाली, "आत्याबाई, हे शेवटचं. ह्याच्यातूनबी नोकरी न्हाई लागली तर मी पुन्हा नाव काढणार न्हाई. घरी बसून शेळ्या राखीन."

ती नुसतं तोंडानं बोलत नव्हती. मला तिची बोलण्याची तऱ्हा माहीत आहे. ती पुन्हा नाव काढणार नाही म्हणाली म्हणजे काढणार नाही.

पण या वेळी गोष्ट उलटी होती. आधीच्या तिन्ही वेळी मांडव पडला, वाजंत्री वाजली, पंगती उठल्या, फक्त नवरदेवाचा पत्ता नव्हता. या वेळी आधी नवरदेव ठरला, मग मांडव पडला. लातूरच्या काही डाळमिलवाल्यांनी मिळून एका प्रशिक्षण केंद्राला सांगितलं, की आम्हाला हमाल मिळतात, दिवाणजी मिळतात, पण मशिनीच्या बटणांपाशी डोकं शांत ठेवून उभं राहणारं माणूस मिळत नाही. असं असं काम आहे, एवढं एवढं यायला पाहिजे, तुम्ही माणसं शोधा आणि शिकवा. अर्धा दिवस वर्गात, अर्धा दिवस आमच्या मिलमध्ये. पास होईल त्याला आम्हीच ठेवून घेतो. मग केंद्राची माणसं गावोगाव फिरली.

निवड करताना त्यांनी तिला कागद-पेन दिलंच नाही. त्यांच्यातल्या एका बाईनं विचारलं, "गॅसवर दूध ठेवलंय, ते वर येऊन राहिलंय, दारात पाहुणे आले आणि पोर पाळण्यात रडतंय. आधी काय कराल?"

बाकीच्या कोणी म्हणाल्या पोर घेऊ, कोणी म्हणाल्या पाहुण्याला पाणी देऊ. ही म्हणाली, "आधी गॅस बंद. मग बाकी सगळ्यायला थोडं थांबता येतं."

तिथंच ठरलं, हिला पॅनलवर उभं करायचं. पॅनल म्हणजे बटणांची पाटी. तिथून सगळ्या मिलची मशिनी चालू-बंद होतात. बाकीच्यांना कोणाला पॅकिंगला, कोणाला वजनकाट्यावर, जो जिथं योग्य, तिथं. मला ते लई आवडलं. आमच्या शाळेत असं कधी केलं नाही. आमच्या गुरुजींनी मला गाता येतं म्हणून पहिल्या रांगेत बसवलं आणि गणितात मारलं.

तर मिल गुरुबसप्पा शेटजींची, लातूरच्या एमआयडीसीत. तिथं शिकवायला वाजिद मिस्त्री. गंजगोलाईच्या बाजारामागं राहणारा माणूस, दाढी पांढरी, आवाज असा की मशीन चालू असतानाही कुजबुज ऐकू यावी. तुरीच्या मिलमध्ये जमिनीत एक खड्डा असतो. त्यातून बादल्या लावलेला पट्टा तूर उचलून वर नेतो. कधी पोत्याचा तुकडा, कधी सुतळी जाऊन पट्टा अडकतो. तेव्हा मेन खटका पाडून एक माणूस खड्ड्यात उतरतो, अडकलेलं काढतो, वर येतो. मग खटका वर, मग हाक, मग उत्तर, आणि मगच बटण.

ही हाक महत्त्वाची. वाजिद मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "हाक नाव घेऊन मारायची. ओ भाऊ न्हाई, ओ काका न्हाई, चालू करू का न्हाई. जो खड्ड्यात गेला त्याचं नाव. अन् त्यानं सांगायचं, बाहेर. नुसतं हाव, होय चालणार न्हाई."

एकजण म्हणाला, "मिस्त्री, एवढं कशाला?"

मिस्त्रीनं उजवा हात वर केला. मधलं बोट अर्धं. "जुन्या मिलमधली गोष्ट हाय. मी आत होतो. वरून आवाज आला, चालू करू का? कोणीतरी हाव म्हणालं. आजपर्यंत मी ढूंढून राहिलोय बाबा, कोण म्हणालं ते."

आपल्याकडची रीत तर तुम्हाला माहीतच आहे. आपण कोणाला नावानं हाक मारतो का? "ओ दादा" म्हटलं की बाजारात सतरा जण मान वळवतात, आणि "हाव" म्हणायला तर आपल्याला विचारलेलं कळावंही लागत नाही.

खड्ड्यात उतरायच्या कामाला वर्षाराणीच्या जोडीला दिला तो इस्लापूरचा माणूस. सहस्रकुंडाच्या धबधब्यापाशी त्याचा भज्यांचा गाडा. पाणी पडतंय तोवर गिऱ्हाईक, पाणी आटलं की गिऱ्हाईकही आटलं. मग उरलेलं वर्ष काम शोधत हिंडायचं. माणूस गरीब स्वभावाचा, आवाज मऊ, कोणाचं वाईट चिंतणार नाही. त्याच्यात दोष एकच, आणि तोही त्याच्या आईबापांनी ठेवलेला.

वर्षाराणी त्याला हाक मारायची, "ओ भाऊ!" वजनकाट्यावरून एक भाऊ म्हणायचा "ओ", पॅकिंगमधून दुसरा म्हणायचा "काय वो ताई?" मिस्त्री ओरडायचा, "नाव!" मग ही म्हणायची, "ओ इस्लापूरवाले!" मिस्त्री म्हणायचा, "इस्लापुरात लई लोक राहतेत. नाव!" ही खाली बघायची.

एक दिवस ती "अहो काका" म्हणाली, कुठून तरी "हाव" आलं, आणि हिनं बटण दाबलं. पट्टा हलला नाही. शिकणारे पॅनलवर असले की मिस्त्री मेनचा फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवायचा. त्यानं तो खिशातून काढून तिच्यापुढं धरला. खड्ड्यातला माणूस खड्ड्यातच होता. "हाव" म्हणणारा होता चहा घेऊन आलेला हॉटेलवाला. त्याला वाटलं चहा विचारला.

मिस्त्री रागावला नाही. ते जास्त वाईट. तो एवढंच म्हणाला, "बेटा, तू हुशार हाय. पण परीक्षेच्या दिवशी नाव घेऊन हाक न्हाई मारली तर मी तुला पॅनलवर ठेवणार न्हाई. मी केंद्राला जबान दिलेली हाय."

ती म्हणाली, "मला त्यांचं नाव घेता येत न्हाई, मिस्त्री."

खड्ड्यातून वर आलेल्या त्या बिचाऱ्याचं तोंड उतरलं. "का वो ताई? माझ्या नावाला काटे हायत का?"

ती त्या दिवशी घरी आली ती डबा तसाच भरलेला घेऊन. मी ओसरीवरच होतो. विचारलं, "काय झालं गं पोरी?"

"मिस्त्री म्हणतेत, नाव घेऊन हाक मार, न्हाईतर पॅनलवर न्हाई."

"कोणाचं नाव?"

ती पदर सावरायला लागली. मला वाटलं, झालं, आदिनाथचं. मी जरा चढलोच. "ती मिल हाय का लग्नाचा मांडव? नवऱ्याचं नाव घ्यायला तिथं काय उंबऱ्यावर माप भरून ठेवलंय व्हय?"

"यांचं न्हाई, मामंजी."

"मग कोणाचं?"

"दूध उतू चाललंय," म्हणून ती आत गेली. दूध तर डेअरीला गेलेलं होतं.

मी चतुराबाईला विचारलं. तिला सगळं ठाऊक होतं, बायकांना असतंच. ती शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "तिच्या जोडीला जो बाप्या दिलाय न्हवं, त्याचं नाव अडचणीचं हाय."

"काय नाव हाय?"

"तेच."

"तेच म्हंजे?"

"आपल्या घरातलं."

"आदिनाथ?"

"न्हाई वो. त्याच्या वरचं."

"वरचं म्हंजे? अगं, नीट नाव सांग की!"

चतुराबाईनं शेंग खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला. "आता काय म्हणावं या माणसाला! नाव सांगता आलं असतं तर ती पोरगी तिथंच न्हाई का बोलली असती? मीबी जे इतक्या वर्षांत घेतलं न्हाई, ते!"

आदिनाथ दारात बैलाचं दावं वळत होता. त्याला हसू आवरेना. म्हणाला, "बापू, त्या माणसाचं नाव शेषेराव हाय."

आता घ्या! माझं नाव शेषेराव. गावात मला सगळे आजोबा म्हणतात, घरात मामंजी, बापू, अहो. माझं नाव फक्त रेशनकार्डावर आणि माझ्या वयाच्या दोस्तांच्या तोंडात. ते इस्लापूरला जाऊन, भजी तळून, फिरून माझ्याच सुनेच्या आड येईल हे माझ्या बापाला बारशाच्या दिवशी कसं कळावं?

मी वर्षाराणीला बाहेर बोलावलं. म्हटलं, "घे माझं नाव. खुशाल घे. माझी परवानगी हाय."

ती म्हणाली, "परवानगीचं न्हाई, मामंजी. तोंड उघडते मी. आवाज येतो तो गळ्यापाशीच उभा राहतो. लग्न झाल्यापासून त्या नावाच्या टीव्हीतल्या माणसालाबी मी 'ते' म्हणते."

ते खरं होतं. एका बातमीत त्या नावाचे कोणी आमदार आले तर ही म्हणायची, "मामंजींच्या नावाचे बोलून राहिलेत."

मिस्त्रीला सांगून जोडी बदलता आली असती, असं तुम्ही म्हणाल. दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलंही. मिस्त्री पोट धरून हसला, इस्लापूरच्या शेषेरावाचा जीव भांड्यात पडला. तो म्हणाला, "मग मला बाळू म्हणा ताई, मला चालतं." पण मिस्त्री म्हणाला, "न्हाई. पट्ट्यापाशी घाबरलेला आदमी फक्त आपल्या असली नावाला ओ देतो. अन् आज शेषेराव हाय, उद्या कोणी आदिनाथ आला तर? पुन्हा जोडी बदलायची? हिला पॅनलवर जिंदगी काढायचीय." बरोबरच बोलला.

मग चतुराबाईच कामाला आली. म्हणाली, "उखाण्यात घेतोच की आपण. लग्नात मोठ्या माणसाच्या समोर नवऱ्याचं नाव घेतो, 'अमक्यांची सून' म्हणून सासऱ्याचंबी घेतो. तेव्हा न्हाई जीभ अडकत. उखाण्यात नावाला पाप न्हाई." आणि शेंगा फोडता फोडता, माझ्याकडं न बघता, तिनं उखाणाच केला:

पिवळी डाळ लातूरची, पट्टा जातो वर,
शेषेराव, आत का बाहेर? द्या आधी उत्तर.

आमच्या लग्नात तिनं घेतलं होतं, त्याच्यानंतर माझं नाव तिच्या तोंडून असं स्वच्छ पहिल्यांदा आलं. मी म्हटलं, "पुन्हा म्हण." ती म्हणाली, "अवो जावा तिकडं! ते तुमच्यासाठी न्हाई, मिलसाठी हाय."

मग आमची तालीम सुरू झाली. मी कडब्याच्या गंजीमागं जाऊन उभं राहायचं, तोच आमचा खड्डा. वर्षाराणी गोठ्याच्या खांबापाशी, खांबाला खडूनं काढलेलं बटण. ती उखाणा म्हणायची आणि मी उत्तर द्यायचं. उखाण्यात नाव सुरसुर यायला लागलं. मग चतुराबाईनं दुसरी ओळ तशीच ठेवून पहिली ओळ काढली. मग 'द्या आधी उत्तर' काढलं. असं करत करत स्वेटर उसवावा तसा उखाणा उसवत आणला, आणि एक दिवस खांबापाशी नुसतं नाव उरलं. भर दुपारी आमच्या अंगणातून खणखणीत हाक गेली, "शेषेराव!"

पलीकडून नीलम्मा धावत आली, हात पिठाचे, भुवया त्याच, एक वर एक खाली. "चतुराबाई, सून सासऱ्याला नावानं बोलावतीय अन् तुम्ही हसून राहिलात? भांडण झालं का? वाटणी झाली का?"

चतुराबाई म्हणाली, "परीक्षा हाय तिची."

"कोणती परीक्षा असली? सासरच्यायची?"

ते जमलं, पण एक काही जमेना. मी गंजीमागून "बाहेर!" म्हणायला पाहिजे. माझ्या तोंडून निघायचं, "आलो, आलो!" वर्षाराणी म्हणायची, "मामंजी, आलो न्हाई. बाहेर म्हणायचं." मी म्हणायचो बरं. पुन्हा हाक आली, की पुन्हा "आलो, आलो!" आणि तिथंच उभा. ती शेवटी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमची परीक्षा न्हाई, माझी हाय."

परीक्षेचा दिवस आला. केंद्राची माणसं येणार, शेटजी स्वतः उभे राहणार, आणि या वेळी फ्यूज मिस्त्रीच्या खिशात नाही. मशीन खरं चालणार. पोरगी सकाळच्या एसटीनं गेली. जाताना डबा घरी विसरली. म्हणजे चतुराबाईनं तो पिशवीतून काढून ओट्याखाली ठेवला होता, कारण तिला निकाल लवकर पाहिजे होता आणि तो आणायला कोणी तरी जायला पाहिजे होतं. मी काळीपिवळी जीप धरून लातूरला पोचलो.

गेटवरचा वॉचमन चंद्रप्पा भला माणूस. म्हणाला, "आजोबा, आत परीक्षा चालू हाय, हितं काट्यापाशी बसा." बाकावर बसलो. समोरच मिलचं दार उघडं, आत माणसं दिसत होती, बोलणं कळत नव्हतं. बसल्या बसल्या मी चंद्रप्पाला आमच्या गुरुजींची गोष्ट काढली, मला पहिल्या रांगेत बसवून मारल्याची. तो रंगला. मीही रंगलो.

आत काय चाललं होतं ते मला नंतर मिस्त्रीनं सांगितलं. परीक्षेसाठी पट्टा मुद्दाम अडकवला होता. खटका पाडला. इस्लापूरचा शेषेराव खड्ड्यात उतरला, पोत्याचा तुकडा काढला, वर आला, हात हलवला. मिस्त्रीनं खटका वर केला. सगळ्यांच्या नजरा पॅनलकडं वळल्या, आणि तेवढ्यात त्या माणसाला बादल्यांमध्ये सुतळीचं एक टोक राहिलेलं दिसलं. एवढंच काढून टाकू म्हणून तो खड्ड्याच्या कडेला पालथा पडला आणि हात खांद्यापर्यंत आत घातला. ते कोणी पाहिलं नाही. वर्षाराणी उभी होती तिथून खड्डा दिसतच नाही. म्हणून तर हाक.

तिनं बटणावर बोट ठेवलं नाही, आधी मान वर केली आणि हाक मारली, "शेषेराव!"

मिल बंद, सगळं शांत, अशा शांततेत ती हाक दारातून निघून वजनकाट्यापर्यंत आली. मी गोष्टीत होतो. गुरुजींची छडी वर उचललेली होती. मान न वळवता मी ओरडलो, "आलो, आलो!"

शेटजी घाईत होते. त्यांच्याबरोबर बाहेरगावचे एक व्यापारी होते. शेटजी म्हणाले, "बाई, ओ आली. करा चालू."

वर्षाराणीनं बटणाला हात लावला नाही. तिनं पुन्हा हाक दिली, आधीपेक्षा मोठी. "शेषेराव!"

मी म्हटलं, "अरे आलो म्हटलं ना!" आणि चंद्रप्पानं माझ्या तोंडावर हात ठेवला. त्या क्षणी मला कळलं की हाक कोणाची आहे, कोणाला आहे आणि मी काय करून बसलोय.

आत केंद्राची बाई घड्याळ बघत होती. व्यापाऱ्यानं शेटजींच्या कानात काही म्हटलं. शेटजी म्हणाले, "बाई, वेळ जाऊन राहिलाय." वर्षाराणीनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्यांदा हाक मारली, आणि या वेळी खड्ड्याच्या बाजूनं आधी धुळीचा खोकला आला, मग तो मऊ, बसलेला आवाज, "बाहेर... शेषेराव बाहेर, ताई." तो उठून उभा राहिला. हातात सुतळी, आणि खांद्यापर्यंत सगळा हात तुरीच्या धुळीनं पिवळा.

त्या पिवळ्या हाताकडं बघून मिस्त्री पोत्यावर बसला. त्याला काही विचारावं लागलं नाही. हात कुठं होता ते हातावरच दिसत होतं. शेटजींचं तोंड पांढरं पडलं. आणि तेव्हा, सगळे तसे असताना, वर्षाराणीनं बटण दाबलं. पट्टा चालला, बादल्या वर गेल्या, वर तुरीची धार पडायला लागली. मिस्त्री म्हणतो, तेवढा गोड आवाज त्यानं आयुष्यात ऐकला नाही.

पास झाली, हे सांगायला पाहिजे का? त्याच आठवड्यात कामावर घेतली, पक्की, पॅनलवर. इस्लापूरचा शेषेरावही लागला. आता तो धबधब्याला पाणी असो-नसो, काळजी करत नाही. आमच्या घरी येतो तेव्हा भजी तोच तळतो, आणि आम्ही दोघं शेषेराव ओसरीवर बसलो की चतुराबाई आतून "अहो" म्हणते आणि दोघंही उठतो. नवे लोक शिकायला आले की मिस्त्री त्यांना वर्षाराणीपाशी उभं करतो. त्यांच्यात गेल्या खेपेला खरंच एक आदिनाथ होता. तिनं पहिल्याच दिवशी त्याला नाव घेऊन हाक मारली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "आज तुम्हाला लई वेळा बोलावलं, उचकी लागली का?"

आणि तो चौथा खिळा चतुराबाईनं स्वतः मारला. हातोडी तिनं तांदळाच्या डब्यामागून काढली. त्या खिळ्याला फ्रेम नाही. सर्टिफिकिट मिलच्या ऑफिसात आहे. खिळ्याला वर्षाराणीचं पिवळं हेल्मेट टांगलेलं असतं, तेही फक्त सुट्टीच्या दिवशी. बाकी दिवस खिळा रिकामा. घरातला एवढा छान रिकामा खिळा मी पाहिलेला नाही.

पण त्या दिवसाचं शेवटचं राहिलंच की. मशीन चालू झाल्यावर चंद्रप्पानं मला दंडाला धरून आत नेलं, आरोपी नेतात तसं. हातात डबा. मी शेटजींना हात जोडले. म्हटलं, "मालक, ओ मी दिली. माझंबी नाव तेच हाय. पोरीची चूक न्हाई." शेटजी आधी माझ्याकडं बघत राहिले, मग मिस्त्रीकडं, मिस्त्री तोंडाला रुमाल लावून हसायला लागलेला. तेव्हा कुठं शेटजींच्या तोंडावर रंग परत आला. ते वर्षाराणीकडं वळले आणि त्यांनी विचारलं, "बाई, मला एक सांगा. हाक तुम्ही नाव घेऊन मारली, त्या नावाच्या माणसानं ओ पण दिली. आम्हाला सगळ्यांना ती खरी वाटली. मग तुम्ही बटण का दाबलं न्हाई?"

तिनं माझ्या हातातला डबा घेतला, डोक्यावरचा पदर हेल्मेटच्या आत नीट सारला, आणि म्हणाली:

"मालक, खड्ड्यातला माणूस 'बाहेर' म्हणतो. 'आलो, आलो' म्हणून बसल्या जागचा न हलणारा सबंद लातूर जिल्ह्यात एकच शेषेराव हाय, अन् त्याला मी रोज जेवायला बोलावते."